शेल स्वतः लिहावं

संगणक शाखेचा विद्यार्थी अकोल्यात शिकत असो की अमरावतीत, ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय त्याला चुकत नाही. प्रॅक्टिकलला लिनक्सच्या दहा-वीस कमांड चालवायच्या, आउटपुट फाइलमध्ये उतरवायचं, सही घ्यायची, की विषय झाला असं मानणं सोयीचं असतं. पण कमांड वापरून ऑपरेटिंग सिस्टिम कळत नाही. त्या कमांड चालवणारं शेल सी भाषेत स्वतः लिहिलं, तर कळते. विदर्भाला सी काही परकी नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर कितीतरी विद्यार्थ्यांनी ही भाषा गिरवली, आणि युनिक्सच्या शेल प्रोग्रामिंगवरही त्यांचं पुस्तक आहे. मात्र तयार शेलसाठी स्क्रिप्ट लिहिणं वेगळं आणि शेलच लिहिणं वेगळं. मुंबईच्या आयआयटीत प्रा. मैथिली वुटुकुरू यांच्या अभ्यासक्रमात शेल लिहिण्याची असाइनमेंट आहे आणि ती सर्वांसाठी खुली आहे. अकोल्यातल्या लॅबला ती घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

शेल हाही शेवटी एक साधा प्रोग्राम. तो प्रॉम्प्ट दाखवतो, ओळ वाचतो, मोकळ्या जागा पाहून तिचे शब्द सुटे करतो आणि ‘फोर्क’ करून स्वतःचीच दुसरी प्रत उभी करतो. ही प्रत म्हणजे चाइल्ड प्रोसेस. ती ‘एक्झेक’ करून स्वतःच्या जागी हवा तो प्रोग्राम आणते. पेरेंट, म्हणजे मूळ शेल, ‘वेट’वर थांबतो आणि चाइल्ड संपली की पुन्हा प्रॉम्प्ट देतो. एवढ्यावर ‘एलएस’ चालतं, ‘डेट’ चालतं. ‘सीडी’ मात्र अडते. डिरेक्टरी बदलण्याचा कॉल चाइल्डमध्ये केला तर तो यशस्वी होतो, एररही येत नाही, पण शेल जागचं हलत नाही. डिरेक्टरी बदलली ती चाइल्डची. ती संपली आणि बदलही तिच्यासोबत गेला. ही चूक फक्त नवशिक्याची नाही. १९६९च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या यंत्रावर युनिक्स उभारलं. त्यावरचा फोर्क असेंब्लीच्या अवघ्या २७ ओळींत बसला होता, असं रिचींनी नोंदवलं आहे. तो आल्यावर डिरेक्टरी बदलणारी त्यांची कमांड याच कारणाने बंद पडली. प्रत्येक प्रोसेसचं स्वतःचं राज्य असतं हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य ‘सीडी’ शेलच्या आत लिहावी लागली की हाडात भिनतं.

त्याहून मोठी परीक्षा पाइपची. जिनमधून निघालेली रुई पुढे प्रेसकडे जाते, तसं एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याचं इनपुट व्हावं, हा डग मॅकिलरॉय यांचा आग्रह; थॉम्पसनने १९७३मध्ये तो युनिक्समध्ये आणला. पाइपला एक टोक लिहिण्याचं, एक वाचण्याचं. फोर्क केलं की दोन्ही टोकं चाइल्डकडेही उघडी राहतात. आता ‘एलएस’ला ‘सॉर्ट’ जोडावं. एलएस आपलं काम करून संपतं आणि सॉर्ट तसंच बसून राहतं, स्क्रीनवर एक अक्षर नाही. कोड पुन्हा पुन्हा वाचला तरी तर्कात खोट सापडत नाही. खोट असते ती न लिहिलेल्या ओळीत: पेरेंटने स्वतःकडचं लिहिण्याचं टोक ‘क्लोज’ केलेलं नसतं. असं एकही टोक उघडं असेतो इनपुट संपल्याचं सॉर्टला कळत नाही, आणि शेवटची ओळ हाती आल्याशिवाय पहिली कोणती हे त्याला ठरवता येत नाही. कर्नल उघड्या टोकांचा हिशेब ठेवतं हे इतक्या स्वच्छपणे शिकवणारा दुसरा धडा सापडणं कठीण.

बॅश हे तयार शेल १९८९पासून आहे, मग पुन्हा शेल कशाला, असं कुणी विचारेल. बॅशशी स्पर्धा करायचीच नाही. ते आत काय करतं ते बघायचं आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फोर्कची रचना आता जुनी झाली, मोठ्या आणि अनेक थ्रेडच्या प्रोग्रामांना ती जाचते, असं २०१९च्या एका गाजलेल्या शोधनिबंधात संशोधकांनी मांडलं. त्यात तथ्य आहे. तरी फोर्क आणि एक्झेक यांच्या मधल्या फटीतच शेल आउटपुट फाइलकडे वळवतं, पाइप जोडतं. ती सोय हाताळल्याशिवाय नव्या पर्यायाची गरज का पडली हेही उमगत नाही. नोकरीत जावा-पायथन लागतं हे खरं, पण पायथनमधून दुसरा प्रोग्राम चालवला आणि तो असाच लटकला, तर कारण याच उघड्या टोकांत शोधावं लागतं.

उरला प्रश्न आयत्या कोडचा. एआयला सांगितलं की मिनिटात शेल लिहून मिळतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणून गुण कोडच्या प्रिंटआउटला देऊ नयेत, तोंडी परीक्षेला द्यावेत. परीक्षकाने विद्यार्थ्याच्याच शेलमधली ‘क्लोज’ची एक ओळ काढावी आणि आता काय होईल ते चालवण्याआधी विचारावं. ‘वेट’ काढलं तर संपलेल्या प्रोसेस ‘पीएस’च्या यादीत झोंबी म्हणून का दिसत राहतात, आणि कंट्रोल-सी दाबल्यावर आतला प्रोग्राम थांबून शेल जिवंत कसं राहतं, हेही विचारावं. यासाठी जुना संगणक, लिनक्स आणि जीसीसी पुरतं, आणि ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात.