जुनं ते सोनं... पण किती कॅरेटचं?

मित्रांनो, "जुनं ते सोनं" ही म्हण आपण तिसरी-चौथीपासून निबंधात वापरत आलो आहोत. मी तर कॉन्व्हेंटमध्ये असूनही मराठीच्या पेपरात हमखास वापरायची! पण जुन्या वस्तूला सोन्याचा भाव खरंच मिळतो का? मिळत नसेल तर का नाही? आणि एकच ड्राफ्टर सिनियरकडून घेतला तर एका भावाने, दुकानातून घेतला तर दुसऱ्या भावाने आणि भंगारात गेला तर किलोने, हे गणित नक्की काय आहे? या लेखात तेच सोपं करून सांगायचा प्रयत्न करते.

माझं गाव मेडशी. वाशिम जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात, अकोला-वाशिम रस्त्यावर. आमच्या घरी वस्तू "जुनी झाली" म्हणून कधी एकदम बाहेर जात नाही. तिचे टप्पे असतात. आजीच्या भाषेत सांगायचं तर कपडा आधी मोठ्याचा, मग लहान्याचा, मग गोधडीचा, मग पायपुसण्याचा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यालाच "ॲसेट लाइफ" म्हणतात, एवढंच!

आपल्याकडे जुन्या वस्तूला बाहेर पडायला चार दारं आहेत. पहिलं दार रद्दी आणि भंगाराचं. इथे वस्तू वजनावर जाते. पुस्तक कोणाचं, यंत्र कसलं, हे कोणी विचारत नाही. काटा बोलतो. दुसरं दार मोडीचं. तांब्या-पितळेचं जुनं भांडं दुकानदाराला द्यायचं, तो घट कापून धातूचा भाव धरतो आणि नवीन भांडं देतो. "मोडीत काढणे" हा शब्द आपण सरकारी गाड्यांसाठी वापरतो, तो स्वयंपाकघरात रोजच्या वापरातला आहे. तिसरं दार बोहारणीचं. जुन्या साड्या-पँटी द्यायच्या आणि स्टीलचं पातेलं घ्यायचं. यात पैसा मध्ये येतच नाही, फक्त घासाघीस! "बाई, जरीची साडी आहे, डबा तरी मोठा द्या" हे वाक्य ज्याच्या घरी बोललं गेलं नाही असं घर महाराष्ट्रात सापडणं कठीण. आणि चौथं दार म्हणजे जुना बाजार. इथे वस्तू नगावर विकली जाते.

या चारांमधला फरक नीट बघा. वस्तू किलोवर गेली की समजायचं, तिचा उपयोग मेला, फक्त माल उरला. ती नगावर विकली गेली तर ती अजून जिवंत आहे. म्हणजे "जुनं ते सोनं" कधी खरं? वस्तूचं आयुष्य शिल्लक आहे, पण मालकाची गरज संपली आहे, तेव्हा. ड्राफ्टर बघा. व्यवस्थित वापरला तर कितीतरी वर्षं टिकतो. आपल्याला तो लागतो एक वर्ष. उरलेली वर्षं तो कॉटखाली पडून असतो. सेकंड-हँड बाजार जन्माला येतो तो या उरलेल्या वर्षांतून.

मागच्या सुट्टीत आम्ही तिघी मैत्रिणी पुण्याचा जुना बाजार बघायला गेलो होतो. मंगळवार पेठेतला हा बाजार, रविवार आणि बुधवार हे त्याचे ठरलेले वार. (ज्यांना पुस्तकंच हवीत त्यांनी अप्पा बळवंत चौक गाठावा, आणि मुंबईकरांसाठी भेंडी बाजाराजवळच्या मटण स्ट्रीटचा चोर बाजार आहेच. मूळ शब्द "शोर बाजार" होता असंही सांगतात.) रस्त्याकडेला ताडपत्र्या अंथरलेल्या, त्यावर पाने, पक्कड, बेअरिंग, बंद घड्याळं, पितळी कुलपं, जुनी नाणी, मिक्सरच्या मोटारी. मेकॅनिकलच्या मुलीला तर खजिनाच! आम्हाला प्रोजेक्टसाठी स्टेपर मोटर हवी होती. जुन्या प्रिंटरमधून काढलेल्या मोटारींचा एक ढीग दिसला. विक्रेते काका म्हणाले, "ताई, चालू आहे, घेऊन जा." पण चालू आहे हे कळणार कसं? मल्टिमीटर तर रूमवर!

यावर एक युक्ती आहे, लक्षात ठेवा. चार वायरची स्टेपर मोटर असेल तर आधी बोटाने शाफ्ट फिरवा. मग दोन-दोन वायरची टोकं एकमेकांना टेकवून पुन्हा फिरवा. एखाद्या जोडीला शाफ्ट एकदम जड लागला तर त्या दोन वायर एकाच कॉइलच्या आहेत आणि ती कॉइल तुटलेली नाही. शाफ्ट फिरताना मोटर जनरेटरसारखी वागते, सर्किट पूर्ण झालं की करंट वाहतो आणि तोच फिरण्याला विरोध करतो. सेकंड इयरला लेन्झचा नियम पाठ केला होता, तो जुन्या बाजारात हाताला जाणवला! काकाही बघत राहिले. मग म्हणाले, "मलाही दाखवा, म्हणजे मी पण तपासून विकेन." आम्ही दाखवलं. मोटर घेतली, शंभरातले वीस रुपये त्यांनी स्वतःहून कमी केले.

काकांच्या त्या वाक्यात या बाजाराचं सगळं शास्त्र आहे. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारगाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. मुद्दा साधा होता. गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा मधला भाव सांगतो. समजा चांगल्या वस्तूची किंमत ३०० आणि खराब वस्तूची १००. कळतच नसेल तर तुम्ही २०० म्हणणार. मग ज्याची वस्तू खरंच चांगली आहे तो म्हणतो, २०० ला कशाला देऊ, राहू दे घरीच. तो बाजारातून निघून जातो. उरतो खराब माल. हे लोकांना कळलं की भाव आणखी पडतो, आणखी चांगले लोक निघून जातात. म्हणजे चांगल्या वस्तू असूनही बाजार सडतो, कारण काय? माहिती एका बाजूलाच आहे. या विषयावरच्या कामासाठी अकरलॉफ यांना मायकल स्पेन्स आणि जोसेफ स्टिगलिट्झ यांच्यासोबत २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

यावर उपाय काय? एक, तपासता येणं (आपली स्टेपर मोटर). दोन, हमी. तीन, ओळख. ज्याला उद्या परत तोंड दाखवायचं आहे तो सहसा फसवत नाही. मेडशीच्या आठवडी बाजारात विकणारा आणि घेणारा एकमेकांना पाहुण्यारावळ्यांपर्यंत ओळखतात, तिथे वेगळी गॅरंटी लागत नाही.

आता थोडं लांब जाऊ, थेट डेन्मार्कला. जुन्या बाजाराला तिकडे "लोपेमार्केड" म्हणतात. लोपे म्हणजे चक्क पिसू! फ्रेंचमध्येही पिसवांचा बाजार असंच नाव आहे, जुन्या कपड्यात-गाद्यांत पिसवा असायच्या म्हणून. तिथली थंडी आणि पाऊस बघता रस्त्यावर ताडपत्री अंथरून बारा महिने बसणं अवघडच, म्हणून हे बाजार मोठ्या हॉलमध्येही भरतात. त्यातला एक प्रकार मला फार आवडला. हॉलमध्ये रॅक असतात. तुम्ही आठवड्याच्या भाड्याने एक रॅक घ्यायचा, आपल्या जुन्या वस्तू मांडायच्या, प्रत्येक वस्तूला किंमत आणि रॅकचा नंबर लिहिलेली चिठ्ठी लावायची आणि घरी जायचं! गिऱ्हाईक येतं, वस्तू उचलतं, दाराजवळच्या काउंटरवर पैसे देतं. काउंटरवाला नंबर बघून तुमच्या नावावर पैसे जमा करतो. घासाघीस नाही, आणि विकणारा तिथे हजर असायचीही गरज नाही. याशिवाय रेड क्रॉससारख्या संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं आहेत. लोक वस्तू दान देतात, स्वयंसेवक दुकान चालवतात, नफा मदतकार्याला जातो. पैसेवाल्या देशातही जुनं विकत घेणं कमीपणाचं मानत नाहीत, हे विशेष.

हे सगळं मी का सांगतेय? कारण आपल्या हॉस्टेलमध्ये दर वर्षी एक गोष्ट घडते. मे-जूनमध्ये फायनल इयरचे दादा-ताई रूम सोडतात. कॉरिडॉरमध्ये बादल्या, गाद्या, टेबल लॅम्प, ड्राफ्टर, पुस्तकं, लॅब कोट यांचा ढीग लागतो. भंगारवाला येतो आणि सगळं काट्यावर घालून नेतो. जिवंत वस्तू किलोने जातात! आणि ऑगस्टमध्ये फर्स्ट इयरची मुलं हेच सगळं नवीन विकत घेतात.

हा ऑगस्ट महिना नीट समजून घ्या. आमच्याकडे सोयाबीन निघतं सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरमध्ये. तूर त्याच्याही नंतर. ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या घरचा पैसा बी-खत-फवारणीच्या रूपाने जमिनीत असतो, हातात नसतो. नेमकी त्याच वेळी अॅडमिशन, मेस डिपॉझिट आणि ही सामानाची यादी येते. शहरातल्या मुलाला ते दोन-तीन हजार रुपये जाणवतही नसतील. पण आपल्या विंगमध्ये अशी मुलं आहेत की ज्यांच्या घरी त्यासाठी उसनवारी होते. ती कोणाला सांगत नाहीत, एवढंच.

अडचण काय आहे? विकणारा जूनमध्ये जातो, घेणारा ऑगस्टमध्ये येतो. दोघांची गाठच पडत नाही. आणि डेन्मार्कच्या त्या रॅकने सोडवलेला प्रश्न नेमका हाच आहे! म्हणून माझी सूचना अशी:

जूनमध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने वस्तूला चिठ्ठी लावावी. चिठ्ठीवर किंमत, स्वतःचं नाव, ब्रँच आणि वस्तूतला दोष स्पष्ट लिहावा ("बादलीला कडी नाही", "ड्राफ्टरचा स्क्रू ढिला"). दोष लिहिला की अकरलॉफसाहेबांचा प्रश्न अर्धा सुटला. वस्तू एका खोलीत कुलूपबंद ठेवाव्यात. ऑगस्टमध्ये दोन दिवस मेसच्या हॉलमध्ये बाजार भरवावा (पाऊस असतो, म्हणून छत हवंच). पैसे मूळ मालकाला यूपीआयने पाठवावेत, दहा टक्के हॉस्टेलच्या वाचनालयाला. न विकलेलं फुकट वाटावं. हीटरची कॉइल मात्र कोणी आणू नये, रेक्टर सरही हे पान वाचतात!

घेणाऱ्यांसाठी थोडं. ड्राफ्टर घेताना शीटच्या वर आणि खाली एकेक आडवी रेघ मारून बघा, दोन्ही समांतर आल्या पाहिजेत. व्हर्नियरचे जबडे मिटवून उजेडाकडे धरा, फटीतून प्रकाश दिसला तर ठेवून द्या, शून्याला शून्य जुळतो का तेही बघा. बेअरिंग कानाजवळ फिरवा, खरखर नको. पुस्तक घेताना आधी सिलॅबस बघा, कारण सिलॅबस बदलला की पुस्तक एका दिवसात रद्दी होतं. बाहेरून जुना मोबाईल घेताना *#०६# डायल करून आयएमईआय नंबर पाहा आणि सरकारच्या संचार साथी पोर्टलवर तपासा. चोरीचा माल आहे असं वाटायला कारण असूनही घेणं हा गुन्हा आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४११ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहे.

तेव्हा मित्रांनो, जुन्याचं सोनं आपोआप होत नाही. खरं सांगणारा विकणारा, तपासून घेणारा गिऱ्हाईक आणि दोघांना जोडणारी एक जागा लागते. पहिले दोन आपल्याकडे आहेत. जागेसाठी फक्त एका खोलीची किल्ली हवी आहे. फायनल इयरच्या दादा-ताईंनो, या जूनमध्ये भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक चिठ्ठी लिहा, एवढीच विनंती.

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी