मुखशूल : दांतांवरील खोटा आळ

सकाळीं तोंड धुतांना गालाला पाण्याचा हात लागतो न लागतो तोंच सासूबाई थबकतात, डोळे घट्ट मिटून घेतात आणि क्षणभर हूं कीं चूं करीत नाहींत. लागलीच त्या पूर्ववत् दिसूं लागतात. पुढें पानावर बसल्या तरी दोन घांस घेऊन ताट सारतात, बोलणेंही टाळतात. कोणी म्हणतें, रुसल्या आहेत. कोणी म्हणतें, दाढ काढून टाका. दाढ निघते, मग शेजारचीही निघते. दुखणें मात्र जागच्या जागीं राहतें. ज्या घरांत असें घडत असेल, तेथील मंडळींनीं या मुखशूलाची ओळख करून घेणें अगत्याचें आहे.

मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्यांपैकीं पांचवीस, तिच्या तीन फांट्यांवरून, ‘ट्रायजेमिनल’ म्हणतात. पहिला फांटा कपाळ व डोळा, दुसरा गाल व वरचा जबडा, तिसरा खालचा जबडा यांच्या संवेदना मेंदूकडे नेतो. दांतांच्या संवेदनाही याच वाटेनें जातात. म्हणूनच आळ दांतांवर येतो. बहुतेक रोग्यांत हा तंतु मेंदूच्या देठास जेथें मिळतो, तेथें एखादी रक्तवाहिनी त्यावर टेकून सतत ठोके देत असते. त्यामुळें तंतूवरचें आवरण झिजतें आणि उघड्या तारांप्रमाणें स्पर्शाचा संदेश वेदनेच्या वाटेवर उतरतो. मग वाऱ्याची झुळूकही सुरीसारखी लागते.

फ्रान्सांतील निकोलस आंद्रे यांनीं १७५६ सालीं या रोगाचें वर्णन केलें. त्याच्या खुणा ठळक आहेत : कळ बहुधा एकाच बाजूस, विजेच्या धक्क्यासारखी, क्षणापासून दोन मिनिटांपर्यंत टिकणारी, चावणें, बोलणें, दांत घासणें, दाढी करणें यांनीं उठणारी. हा रोग पन्नाशीनंतर व पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक आढळतो. तरुण वय, दोन्ही बाजूंस कळ किंवा चेहऱ्यास बधिरपणा असल्यास गांठ वा दुसरा मज्जाविकार असण्याचा संभव असतो. यासाठीं मज्जारोगतज्ज्ञाकडून एम्. आर्. आय्. तपासणी करवून घ्यावी.

नेहमींच्या वेदनाशामक गोळ्यांचा येथें उपयोग होत नाहीं. अपस्मारावरील कार्बामाझेपीन हें औषध १९६२ पासून या रोगावर गुणकारी ठरलें आहे. तें थोड्या मात्रेनें सुरू करून हळूहळू वाढवितात. त्यानें झोंप, घेरी येते, रक्तांतील सोडियम घटतें. वृद्धांस तोल जाण्याचें भय असतें. अंगावर पुरळ उठल्यास तत्काळ डॉक्टरांस कळवावें, कारण क्वचित् तें प्राणावर बेततें. औषध आपल्या मनानें एकाएकीं सोडूं नये. औषध पुरे पडेनासें झाल्यास शस्त्रक्रियेनें रक्तवाहिनी दूर सारून मधें टेफ्लॉनची घडी ठेवतात. ही पद्धति अमेरिकन शल्यवैद्य पीटर जॅनेटा यांनीं १९६० नंतरच्या दशकांत रूढ केली. ज्यांस ती झेपणार नाहीं, त्यांच्यासाठीं सुईनें तंतूस उष्णता देणें किंवा किरणोपचार हे मार्ग आहेत. मात्र त्यांनीं चेहरा थोडा बधिर होऊं शकतो.

एक गोष्ट ध्यानांत असावी. हें दुखणें मधून मधून महिनोन्‌महिने आपोआप थांबतें व पुन्हां उलटतें. त्या अवधींत जो लेप वा तोडगा चालू असेल, त्यास फुकटचें श्रेय मिळतें.

घरच्यांनीं करावयाचें तें साधेंच आहे : कोमट पाणी, मऊ भात, वाऱ्यापासून आडोसा, आणि बोलण्याचा आग्रह न धरणें. परंतु सर्वांत आधीं, दुखणाइताच्या शब्दावर विश्वास ठेवावा. या रोगांत चेहऱ्यावर सूज नसते, अंगांत ताप नसतो. साक्षीदार काय तो रोगी स्वतःच.