भीमाशंकरच्या रानात मोजपट्टी

भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झालं. क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर, पुणे, ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत पसरलेलं. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना इथे नेतात ते सदाहरित रान दाखवायला: अंजनी, जांभूळ, हिरडा, आंबा. आधी वनखात्याची परवानगी. तिच्याविना एक पानही तोडायचं नाही.

कामाची सुरुवात दोरीने. दहा मीटर बाजूचा चौकोन आखायचा आणि आतल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, मोजायचा. ऐकायला सोपं. पण उतारावर ही उंची धरायची कुठून? चढाच्या बाजूने. खोड त्या उंचीच्या खालीच दुभंगलं असेल तर दोन्ही खोडं वेगवेगळी नोंदवतात, आणि अंजनी बुंध्यापासूनच फुटलेली असली (बहुधा असतेच) की वहीची पानं भराभर भरतात. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळाला.

मान वर केली की शेकरूची घरटी. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचे गोळे रचतो. एकच शेकरू अनेक घरटी बांधतं, त्यामुळे घरटी मोजून शेकरांची संख्या काढता येत नाही. नवखे विद्यार्थी तरीही ती काढून मोकळे होतात!

कारवीचं गणित वेगळंच. ती सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरून वाळते. तीन वर्षांच्या पदवीत तिचा फुलोरा पाहायला मिळणं हा निव्वळ नशिबाचा भाग.