जेजू राहू द्या, मार्कंड्याला चला!

के-ड्रामा पाहून तुमच्याही ग्रुपवर जेजू बेटाचा प्लॅन झालाच असेल. मग कुणीतरी विमानाचं तिकीट बघितलं आणि ग्रुप एकदम शांत! अशा वेळी चंद्रपूरहून मूलमार्गे चामोर्शी गाठा. तिथून मार्कंडा जवळच. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथे चक्क उत्तरेला वळते आणि त्या वळणावर, अगदी काठाशी, जुन्या दगडी मंदिरांचा समूह उभा आहे. ‘विदर्भाचं खजुराहो’ म्हणतात. मला हे उसनं नाव काही पटत नाही. भिंतींवरची शिल्पं नीट बघायची तर दोन तास हवेतच.

ताडोबाच्या सफारीत खिसा रिकामा होतो, इथे मुख्य खर्च एसटीचा. त्यातही २०२३ पासून मुलींना अर्धंच तिकीट. डबा घरूनच न्या. महाशिवरात्रीला मोठी जत्रा असते, शांतता हवी असेल तर ते दिवस टाळा. आणि रीलसाठी पाण्यात उतरू नका; संथ दिसलं तरी खोलीचा भरवसा नाही.

ऊन कललं की पाय निघत नाही. पण परतीची शेवटची बस किती वाजता, हे उतरतानाच विचारा. आम्ही विचारलं नव्हतं. अंधारात चामोर्शीपर्यंत चालत आलो!