भुलीच्या नळ्या: बुडवल्या म्हणजे स्वच्छ झाल्या का?

भूल दिलेल्या कुत्र्या-मांजराच्या श्वासनलिकेत एंडोट्रॅकियल ट्यूब जाते, ती नाका-घशाचा सगळा पहारा ओलांडूनच. त्यामुळे तिच्या स्वच्छतेत झालेली हयगय थेट पुढच्या पेशंटच्या फुप्फुसांशी जाऊन भिडते.

‘औषधाच्या पाण्यात बुडवली की झालं’ हा सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज. वापरलेली ट्यूब उजेडाकडे धरून पाहा. टोकाजवळच्या छोट्या भोकात आणि कफच्या, म्हणजे ट्यूबभोवतीच्या फुग्याच्या, सुरकुत्यांत चिकट स्राव अडकलेला दिसेल. तो वाळला की जंतुनाशक त्याच्याखाली पोचत नाही. म्हणून ट्यूब काढल्या काढल्या धुवायची, आतून लांब ब्रश फिरवायचा, कफ फुगवून चोळायचा आणि मगच जंतुनाशकात ठेवायची, तेही बाटलीवर लिहिलेला वेळ पुरा होईपर्यंत. त्याआधी साबण पूर्ण निघालेला हवा, कारण बरेच साबण क्लोरहेक्सिडिन निकामी करतात.

‘कुत्रा तर ठणठणीत होता!’ असेल. पण कुत्र्यांच्या खोकल्याला कारण होणारा बॉर्डेटेला वरून निरोगी दिसणाऱ्या कुत्र्याच्या श्वासमार्गातही असतो. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीला एकामागून एक जनावर टेबलावर येतं, तेव्हा ट्यूब नुसती पुसून पुढच्याला घालण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा, त्यासाठी जादा ट्यूब घ्याव्या लागल्या तरी. स्पिरिटच्या बोळ्यावर तर विसंबूच नये. मांजरांचा कॅलिसिव्हायरस त्याला फारशी दाद देत नाही.

औषध जितकं कडक तितकं चांगलं, हेही खरं नाही. नीट न खंगाळलेल्या ट्यूबवरचं ग्लुटारल्डिहाइड श्वासनलिकेचं अस्तर भाजतं. इथिलीन ऑक्साइडने निर्जंतुक केलेली ट्यूब पुरेसा वेळ हवेशीर न ठेवता वापरली तरी तशीच इजा होते. पीव्हीसीच्या ट्यूबचा आकार ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांत बिघडतो. सिलिकॉनची बहुधा टिकते, तरी उत्पादकाची सूचना वाचावी.

ट्यूबला भुलीच्या यंत्राशी जोडणाऱ्या नळ्यांचंही तसंच. ‘सर्किटमधून नुसता ऑक्सिजन आणि भुलीचा वायू जातो’ असं म्हणणारे जनावराचा ओलसर उच्छ्वास विसरतात. शिवाय सोडा लाइम कार्बन डायऑक्साइड शोषताना पाणी तयार होतं. आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू जंतू मारत नाही आणि सोडा लाइमवरही त्यासाठी भरवसा ठेवता येत नाही. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात वेटोळं करून ठेवलेली पन्हळी नळी आतून ओलीच राहते, आणि स्यूडोमोनाससारख्या जंतूंना ओल फार मानवते. नळ्या तोंड खाली करून उभ्या टांगाव्यात, रिझर्वॉयर बॅगही.

धुण्या-वाळवण्यात जोड सैल होतात, म्हणून गळती तपासायची. जादा वायू बाहेर सोडणारा पॉप-ऑफ व्हॉल्व्ह बंद करून आणि जनावराकडचं टोक दाबून ३० सेंटिमीटर पाण्याइतका दाब भरला, तर तो टिकायला हवा. नळीत नळी असलेल्या बेन सर्किटची आतली नळी निसटली असेल तर जनावर स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा ओढतं. ती निसटली आहे का हे पाहायला थोडा ऑक्सिजन सोडून जनावराकडच्या टोकाशी ती नळी सिरिंजच्या दांड्याने क्षणभर बंद करावी. ती शाबूत असेल तर फ्लोमीटरचा बॉबिन खाली येतो. तपासणी झाली की पॉप-ऑफ व्हॉल्व्ह लगेच उघडायचा. तो बंद राहून गेला तर दाब वाढत जाऊन फुप्फुसं फाटू शकतात.