रब्बीआधी पाण्याचा हिशोब : सामूहिक विहीर किंवा लिफ्ट करणाऱ्या गटांसाठी



सध्या गटांकडून एकच प्रश्न जास्त येतोय. आठ-दहा जण मिळून विहीर किंवा लिफ्ट करायची, तर मोटर किती एचपीची घ्यावी आणि पाइप किती इंची? ते उंची-अंतर बघून सांगता येईल. पण त्याआधी पाणी कोणाला किती आणि कोणत्या पिकाला, हे गटात बसून लिहून काढा. भांडणं होतात ती पाळीवरून आणि वीजबिलावरून.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. नियम सोपे होते. पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला. जमीन कितीही असो! भूमिहीनालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्यासोबत जात नाही. ऊस घ्यायचा नाही. योजनेच्या खर्चाचा २० टक्के वाटा सभासदांनी स्वतः भरायचा. आपल्या गटात हे सगळंच जसंच्या तसं लागू होईल असं नाही, पण उसाचा नियम मी तरी सोडणार नाही. पाटपाण्यावर एक एकर ऊस वर्षाला साधारण ८० लाख ते १ कोटी लिटर पाणी घेतो. गव्हाला एकरी १६ लाखांच्या आसपास लागतं, हरभऱ्याला त्याहून बरंच कमी.

*आता आपल्या मोटरचा हिशोब.*
२०० लिटरचा ड्रम घ्या, पाइपच्या तोंडाशी ठेवा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. मोजायचं शेवटच्या शेतात, विहिरीजवळ नाही. समजा ४० सेकंदात ड्रम भरला, म्हणजे तासाला १८ हजार लिटर. थ्री-फेज ८ तास मिळाली तर दिवसाला १ लाख ४४ हजार.

गव्हाच्या एका पाण्याला (६ सेंमी) एकरी २ लाख ४० हजार लिटर लागतं. म्हणजे २० दिवसांच्या पाळीत ही मोटर १२ एकर गहू भिजवते, तेही एक दिवस लाईट न जाता. आता ८ सभासद आणि प्रत्येकी २ एकर गहू धरा. झाले १६ एकर. पाळी जाते २७ दिवसांवर. गव्हाला पहिलं पाणी १८ ते २१ दिवसांत, मुकुटमुळं फुटताना हवं असतं. ते हुकलं की फुटवे कमी, आणि नुकसान सोसतो तो पाळीत शेवटी असलेला माणूस.

तेच प्रत्येकाने १ एकर गहू आणि १ एकर हरभरा केला तर? हरभऱ्याला साधारण महिन्याच्या अंतराने तुषारने हलकं, ४ सेंमी पाणी दिलं, तर एका वेळी एकरी १ लाख ६० हजार लिटर लागतं. मग हिशोब जेमतेम बसतो. पेरणी सगळ्यांनी एकाच दिवशी न करता चार-चार दिवस मागे-पुढे करा, म्हणजे पाळी पिकाच्या वयाला जुळते.

हे झालं मोटरचं. विहिरीला तेवढा झरा आहे का, हे वेगळं बघावं लागतं. मोटर सुरू करण्याआधी आणि बंद केल्यावर दोरीने पातळी मोजा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पूर्ववत आली नाही, तर तेवढे एकर आत्ताच कमी करा, जानेवारीची वाट बघू नका.

वीजबिल एकरावर वाटू नका, मोटर चालल्याच्या तासांवर वाटा. तुषारवाल्याला आणि मोकाट पाणी देणाऱ्याला सारखंच बिल आलं, तर पुढच्या वर्षी तुषार कोण लावेल? वही पाळी देणाऱ्या माणसाकडे ठेवा आणि त्याला पगार द्या. फुकटचा पाटकरी महिनाभर टिकतो. मोटर जळाली तर लागणारे पैसे हंगामाआधीच गोळा करा. पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करा, वरच्याला पाणी असंही मिळतंच.

ज्या गटांना आराखडा करून हवा आहे, त्यांनी या नंबरवर चार गोष्टी टाका: ड्रम भरायला लागलेले सेकंद, सभासद किती, एकूण एकर किती, आणि विहिरीची सकाळ-संध्याकाळची पातळी. दादा-ताईंनो, टाईप करायला जमत नसेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, चालेल.

– कृषी सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी