आईची साखर आणि पंधरा सेंटिमीटरची पायरी

गेल्या पावसाळ्यात आईचा रिपोर्ट आला. एचबीएवनसी ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर (५.७ ते ६.४ हा मधुमेहपूर्व टप्पा मानतात). आई लगेच म्हणाली, "अगं, पण मी कुठे जाडी आहे?" खरंच नाही. वजन ५५ किलो, बीएमआय २२. पण आजोबांना मधुमेह होता आणि शेवटची काही वर्षं त्यांना दिसत नव्हतं. त्या रात्री आमच्या मुलुंडच्या घरात कोणी फारसं बोललं नाही.

आईच्या प्रश्नाचं उत्तर पुण्यात सापडतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! वजनकाटा चरबी आणि स्नायू यांतला फरक सांगत नाही. आपल्यापैकी बरेच जण दिसायला बारीक असतात, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त.

आता स्नायूंचं एवढं काय? जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात. त्यांच्या पेशींवर साखर आत घेणारं एक दार असतं, ग्लुट-४ नावाचं प्रथिन. इन्सुलिन हे दार उघडतं. मधुमेहाच्या वाटेवर ही किल्ली नीट चालेनाशी होते. पण गंमत म्हणजे स्नायू आकुंचन पावला की तेच दार दुसऱ्या मार्गाने, इन्सुलिनशिवायही उघडतं. व्यायाम म्हणजे ही दुसरी किल्ली. आणि स्नायू वाढवणं म्हणजे साखर ठेवायला कोठार मोठं करणं. म्हणून दम लागणारा व्यायामही हवा आणि ताकदीचाही.

पावसात फिरायला जाणं बंद, घर वन बीएचके, खाली शेजारी. उड्या मारणं शक्यच नव्हतं. मग पायरी! चौरंग वापरू नका, कडेवर पाय पडला तर तो उलटतो. आम्ही सुताराकडून १५ सेंटिमीटर उंचीचा भक्कम ठोकळा करून घेतला, खाली रबर लावून.

एवढ्याशा पायरीने काय होणार, असं मलाही वाटलं होतं. म्हणून हिशेब केला. पायरी चढण्यासाठी किती ऑक्सिजन लागतो याचं एक नेहमीचं सूत्र आहे. १५ सेंटिमीटरवर मिनिटाला २४ वेळा चढ-उतार केली तर शांत बसण्याच्या सुमारे ४.८ पट ऊर्जा लागते. ३ ते ६ पट म्हणजे मध्यम व्यायाम. २० सेंटिमीटरवर मिनिटाला ३० वेळा केलं तर आकडा ६.८ पटीवर, म्हणजे तीव्र व्यायामात जातो. उंची आणि वेग, दोनच बटणं. आधी वेग वाढवा, उंची नंतर.

आईचा एक फेरा तीन मिनिटांचा. एक मिनिट पायरी, एक मिनिट ताकद, एक मिनिट जागच्या जागी सावकाश चालणं. असे सहा फेरे, आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला पाच मिनिटं अंग मोकळं करून. ताकदीत आलटून पालटून खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून पुश-अप, आणि दोन हातांत पाण्याच्या बाटल्या घेऊन वाकून मागे ओढणं. मोबाइलवर मेट्रोनोम ९६ ठोक्यांवर लावला की एका चढ-उताराला चार ठोके, म्हणजे बरोब्बर २४. पूर्ण पाऊल पायरीवर टेकवायचं आणि दर मिनिटाला पुढचा पाय बदलायचा. छातीत दुखलं, चक्कर आली तर लगेच थांबायचं. सुरू करण्याआधी आम्ही डॉक्टरांना विचारलं होतं, तुम्हीही विचारा.

आणि हो, याला 'तबाता' म्हणू नका. इझुमी तबाता यांच्या १९९६ च्या प्रयोगात तरुण खेळाडू सायकलवर २० सेकंद जीव तोडून आणि १० सेकंद विश्रांती, असं सात-आठ वेळा करत होते. ते आईसाठी नव्हे. आपल्या जवळचा प्रयोग २०१९ चा, कॅनडातला. व्यायाम न करणाऱ्या तरुणांनी ६० पायऱ्यांचा जिना जोरात चढायचा, दिवसातून तीनदा, आठवड्यातून तीन दिवस. सहा आठवड्यांत त्यांचा दमसास थोडा, पण मोजता येईल इतका वाढला. घाटकोपरला मेट्रोतून उतरून लोकल पकडताना मला तो प्रयोग हमखास आठवतो!

तीन महिन्यांनी आईचा आकडा ५.८ आला. (तीनच महिने का? एचबीएवनसी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी सांगतं.) पण एका माणसाचा रिपोर्ट म्हणजे पुरावा नव्हे. तिने रात्रीचा भातही कमी केला होता, त्यामुळे श्रेय कुणाचं ते मला सांगता येणार नाही. शिवाय आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला एवढ्याने पूर्ण होत नाही. पाऊस थांबल्यावर फिरणं पुन्हा सुरू झालंय.

ठोकळा मात्र हॉलमध्येच आहे. परवा आई म्हणाली, "आता वीस सेंटिमीटरचा करायला सांग."

म्हटलं, आई, आधी वेग.